माझे सीआर (गोपनीय अहवाल) पदोन्नती समितीसमोर गेलेच नाहीत. अर्ज करावा की थेट मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी राज्य शासनाच्या एका खात्यात, मराठवाड्यातल्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. नोकरीला 27 वर्षं झाली. 58 पूर्ण व्हायला साडेचार वर्षं उरलीत, म्हणजे आता हुकलं तर बहुधा कायमचंच.

गेल्या महिन्यात मुख्य लिपिकाच्या दोन जागांवर पदोन्नतीचे आदेश निघाले. ज्येष्ठता यादीत मी दुसरी. पहिल्या क्रमांकावरच्या बाईंना जागा मिळाली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. दुसरी जागा तिसऱ्या क्रमांकावरच्या सहकाऱ्याला गेली. आमच्या कार्यालयातल्या एका जुन्या माणसाने समितीचं इतिवृत्त पाहिलं होतं. माझ्या नावासमोर "2022-23 व 2023-24 चे गोपनीय अहवाल उपलब्ध नाहीत, सबब प्रकरण विचारात घेतले नाही" असा शेरा आहे म्हणे.

हे अहवाल उपलब्ध का नाहीत, ते सगळ्या कार्यालयाला माहीत आहे. ते साहेबांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात न लिहिताच पडून आहेत. दोन्ही वर्षी मी माझा स्वयंमूल्यमापनाचा भाग वेळेत दिला. दोन्हींच्या पोचेवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि आवक लिपिकाची सही आहे. त्यानंतर तीन वेळा केबिनमध्ये जाऊन विचारलं. "होऊन जाईल मॅडम" याच्या पुढे उत्तर नाही. त्याआधीचे माझे सगळे सीआर चांगले आहेत, एकदाही प्रतिकूल शेरा नाही.

मग या दोनच वर्षांचे का अडले? मे 2023 मध्ये स्टेशनरीचं एक देयक माझ्या टेबलावर आलं. माल आलेला नव्हता. साठा नोंदवहीत नोंद घेऊन सही करायला सांगितलं. मी म्हटलं, माल दाखवा, लगेच नोंद घेते. देयक परत गेलं आणि दुसऱ्या दिवशी माझं टेबल बदललं. 2022-23 चा अहवाल नेमका त्याच सुमारास लिहायचा होता.

आता सहकाऱ्याबद्दल. माणूस वाईट नाही, टिप्पणी कशी मांडायची हे त्याला मीच शिकवलं. पण गेली दोन वर्षं तो कार्यालयात कमी आणि साहेबांच्या घराच्या बांधकामावर जास्त असतो. सिमेंटची गाडी उतरवून घ्यायला, गवंड्याचा हिशोब करायला, तेही हजेरीपटावर सही करून. त्या काळात त्याच्या टेबलावरच्या वेतननिश्चितीच्या फाइली मी उरकल्या आहेत. आणि तो 2016 मध्ये विनंती बदलीने दुसऱ्या जिल्ह्यातून आला. आमच्याकडे अशा माणसाला इथल्या लोकांच्या खाली धरत आले आहेत. तात्पुरत्या ज्येष्ठता यादीत त्याच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात "विनंती बदली" असं लिहिलेलं होतं. अंतिम यादीत तो रकाना कोरा आहे आणि नाव आठव्यावरून तिसऱ्यावर आलंय. दोन्ही याद्यांच्या झेरॉक्स मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. अंतिम यादी सूचनाफलकावर लागलीच नाही, आदेशासोबत हातात पडली. त्यामुळे हरकत घ्यायला वेळच मिळाला नाही.

मी थोडं वाचलंय, ते बरोबर आहे का सांगा. पदोन्नती हा हक्क नसला तरी पदोन्नतीसाठी विचार होणं हा घटनेच्या अनुच्छेद 16 खालचा हक्क आहे. देव दत्त प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, आणि 2013 मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांनी तेच कायम केलं. पण ते लिहिलेल्या नोंदीबद्दल आहे. माझ्या बाबतीत तर अहवाल लिहिलाच नाही. साहेबांनी काम केलं नाही त्याची शिक्षा मला, हे कुठल्या नियमात बसतं? इतकी वर्षं मान खाली घालून काम केलं, याचं फार लागतं मनाला.

अडचण अशी की यंदाचा सीआरही हेच साहेब लिहिणार. आमचे हे म्हणतात, राहिलेली वर्षं शांतपणे काढ. मुलगी म्हणते, लढ. संघटनेचे जिल्हाध्यक्ष म्हणाले, "आधी एक अर्ज देऊन ठेवा." ते पुन्हा फोन उचलत नाहीत.

मला विचारायचंय ते असं. प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यानुसार आधी खात्यात दाद मागावी लागते आणि अर्जावर सहा महिने उत्तर आलं नाही तर पुढे वर्षभरात मॅटमध्ये जाता येतं, असं मी समजते. पण सहा महिने थांबले तर तोवर त्याची नेमणूक पक्की होऊन बसणार नाही का? आदेशाला लगेच स्थगिती मिळालेली कुणाला माहीत आहे का? खंडपीठ आम्हाला छत्रपती संभाजीनगरला पडतं. त्या सहकाऱ्यालाही प्रतिवादी करावंच लागतं का? त्याच्या मुलीचं लग्न डिसेंबरमध्ये आहे, पत्रिका मला सगळ्यांत आधी दिली त्याने. आणि जिंकले तर मानीव दिनांक (म्हणजे पदोन्नती मागच्या तारखेपासून धरणं) आणि पगाराचा फरक मिळतो का?

माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 150 शब्दांची मर्यादा, हे माहीत आहे. त्यात समितीचं इतिवृत्त, दोन्ही ज्येष्ठता याद्या आणि माझ्या अहवालांचा प्रवास कुठून कुठे झाला त्या नोंदी मागितल्यात. सहकाऱ्याचे सीआर मागितले नाहीत, कारण गिरीश देशपांडे प्रकरणानंतर (2012) ते वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. याद्या वेगळ्या अर्जात मागाव्यात का?

भर: काल दोघांनी व्यक्तिगत निरोपात "लेखी काहीच देऊ नका, साहेबांना भेटून मिटवा" असं कळवलं. मिटवायला माझ्याकडे काही नाही. मी फक्त नोंद घ्यायला नकार दिला होता, आणि उद्या तसंच देयक आलं तरी देईन. सोमवारी नियुक्ती प्राधिकाऱ्यांच्या नावे निवेदन आवक कक्षात देणार आहे. साहेबांमार्फत न देता थेट दिलं तर वर्तणूक नियमांचा भंग म्हणून नोटीस काढतील अशी भीती आहे. योग्य मार्गाने एक आणि आगाऊ प्रत थेट, असं चालतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी रविवारपर्यंत सांगावं, कृपया.