इन्स्टावर फॉलोअर वाढले पण आंब्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी परत येत नाही, काय चुकतंय?

देवगडचा_बागायतदार:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची ३०० कलमं आहेत. बाबा आयुष्यभर वाशीच्या मार्केटला माल पाठवत आले, भाव काय लागला ते नंतर दलालाची पट्टी (हिशोबाचा कागद) आली की कळायचं. २०२० ला ऐन सीझनमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा मी पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये पेट्या पोचवल्या आणि तेव्हापासून थेट विक्रीचं मनावर घेतलंय. आता इन्स्टावर ११ हजार फॉलोअर आहेत, मोहोराचे, झेल्याने आंबा काढतानाचे रील मस्त चालतात. पण गेल्या सीझनचा हिशोब काढला तर २४० गिऱ्हाइकांमधले आदल्या वर्षीचे जेमतेम ५० निघाले. म्हणजे दरवर्षी जाहिरातीला पैसे घालून नवीन माणसं आणायची आणि ती पुढच्या वर्षी गायब. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकदम सगळ्यांना, प्रत्येक सणाच्या शुभेच्छा पाठवतो, ऑफर पाठवतो, कोणी उत्तर देत नाही. आंबा वाईट नाही हो आमचा, अगदी मनापासून सांगतो. मग लोक का तुटतात?

येवल्याची_वहिनी:
दादा मी पैठणी विकते, धंदा वेगळा पण हे सगळं माझंही झालंय. आधी एक बघा, ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो आणि एका लिस्टमध्ये २५६ च माणसं बसतात. तुमच्या निम्म्या लोकांना मेसेज पोचतच नसेल. मी पार्सलमध्ये हाताने लिहिलेली चिठ्ठी टाकते, त्यात नंबर या नावाने सेव्ह करा म्हणून लिहिते.
दुसरं, सणांचे फोटो बंद करा. तोच दिवा आणि तीच रांगोळी माणसाला दिवसभरात वीस ठिकाणाहून येते, मग तो तुमचा नंबर म्यूट करतो आणि जेव्हा खरंच पेट्या तयार असतात तेव्हा तुमचा मेसेज त्याला दिसत नाही. मी व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस अ‍ॅपमध्ये गिऱ्हाइकांना लेबलं लावलीत, मुलीच्या लग्नाला घेतली, सासूबाईंच्या पंचाहत्तरीला घेतली असं. वर्षाने एकच मेसेज करते, ताई ती जांभळी पैठणी घडी मोडून उन्हात न ठेवता जरा हवेवर टाका, जरीचा काठ काळा पडत नाही ना ते बघा. त्यात विकायचं काहीच नसतं. पण बायका तिथूनच बोलायला लागतात.

कोथरूडची_गिऱ्हाईक:
मी विकत घेणाऱ्यांच्या बाजूने सांगते. तीन वर्षांपूर्वी इन्स्टावर बघूनच एकांकडून ५ डझनची पेटी मागवली, नाव घेत नाही. त्यात नऊ आंबे आतून साक्याचे निघाले, वरून सोनं आणि कापलं की आत पांढरट रबरासारखं. घरी पाहुणे होते, आमरसाचा बेत होता. मी फोटो पाठवले. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. आणि दोन दिवसांनी त्याच नंबरवरून अक्षय तृतीयेच्या शुभेच्छा. मला नऊ आंब्यांचं एवढं वाटलं नाही जेवढं त्या शुभेच्छांचं वाटलं, अक्षरशः रडू आलं. आता मी दुसऱ्यांकडून घेते, त्यांच्याकडेही साका निघतो कधीतरी, पण ते त्याच संध्याकाळी फोन करतात.

दापोलीचे_काका:
ताई म्हणतायत तेच मूळ आहे. साका बाहेरून कुणाला दिसत नाही, बागायतदारालाही नाही. जमिनीची गरमी वर मारते, फळ झाडावर जास्त तयार होतं, त्याने तो वाढतो. म्हणून चौदा आण्यावर, म्हणजे पुरतं तयार व्हायच्या जरा आधी काढायचं, देठासकट काढायचं, काढल्यावर उन्हात पडू द्यायचं नाही, झाडाखाली गवताचं आच्छादन घालायचं. एवढं करूनही निघतोच. मग हे गिऱ्हाइकाला पेटी जायच्या आधी सांगा ना! मी ऑर्डर घेतानाच व्हॉइस नोट पाठवतो की शंभरातली काही फळं आतून खराब निघू शकतात, कापलेला फोटो टाका, तेवढी फळं पुढच्या पेटीत भरून देईन. सीझन संपला असेल तर पैसे परत. आणि पेटी पोचली की तिसऱ्या दिवशी विचारतो, आंबे पेंढ्यात एका थरात पसरलेत का, कच्चे असताना फ्रिजमध्ये तर नाही ना टाकले. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात, कारण शहरात माणसं पेटी बंदच ठेवतात आणि खालचे आंबे कुजतात.
अजून एक, मोहोर गळला, अवकाळी झाला, तुडतुडा (मोहोरावरची कीड) आला तर तेही लिहा. यंदा माल उशिरा आहे, मार्चमध्ये देऊ शकत नाही असं मी जानेवारीत कळवतो. लोक थांबतात. तुमच्या रीलमध्ये सगळं छानच दिसतं, त्यावर माणूस लाईक करतो आणि पुढे जातो.

देवगडचा_बागायतदार:
सगळ्यांचे आभार. कोथरूडच्या ताईंचं वाचून रात्री गेल्या सीझनचे चॅट उघडले. १४ जणांनी खराब आंब्याचे फोटो पाठवले होते आणि मी गडबडीत उत्तरच दिलं नव्हतं, बागेत माणसं, गाडीची घाई, नंतर बघू म्हणून राहिलं ते राहिलंच. आज सहा जणांना फोन लावला. दोघांनी उचलला नाही, एक काका बरंच बोलले मला, मी ऐकून घेतलं. एका आजींना तर वाटलं की मी पैसे मागायला फोन केलाय, मग त्यांनीच विचारलं की यंदा मोहोर कसा आहे. उरलेल्या आठ जणांना उद्या सकाळी करतो. काका, तुमची ती व्हॉइस नोट साधारण किती मोठी असते?

दापोलीचे_काका:
चाळीस सेकंद. मालवणीत बोला, चालतं.