दापोलीकडे समुद्रगरुड कुठे दिसेल?

खेकडा७: डिसेंबरात आईबाबांना घेऊन आंजर्ल्याला चाललोय. समुद्रगरुड बघायची फार हौस आहे. पहाटे उठावं लागेल का? आणि ब्राह्मणी घारीपासून वेगळा कसा ओळखू?

माडाखालचा: पहाटे कशाला? ऊन जरा तापू द्या. नऊ-दहाला हवा गरम झाली की तो आरामात घिरट्या घालतो. पंख पसरले की जवळजवळ २ मीटर, घार त्याच्यापुढे पोर. डोकं-पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, शेपटी आखूड, पाचरीसारखी. घारीचं डोकं पांढरं, पण अंग विटकरी. तरंगताना हा पंख वर उचलून धरतो, लांबून हीच खूण. कोवळे पक्षी तपकिरी असतात, तिथे मात्र भलेभले गोंधळतात.

आमच्या वाडीमागच्या आंब्यावर एक जोडी आहे. दरवर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या. बुंध्याशी माशांचे काटे आणि समुद्रसापांचे मणके पडलेले असतात. एकदा नराने पायात साप आणला, शेपूट अजून वळवळत होती! आवाजाची मात्र अपेक्षा ठेवू नका, एवढा मोठा पक्षी आणि ओरडतो बदकासारखा.

सुरूचं_बन: घरट्याची जागा इथे लिहू नका हं. डिसेंबर म्हणजे विणीचा हंगाम. ड्रोनवाले लगेच येतात.

माडाखालचा: म्हणूनच वाडीचं नाव नाही दिलं.

खेकडा७: ८ बाय ४२ ची दुर्बीण चालेल ना?

माडाखालचा: पळेल. बाबांसाठी खुर्ची घ्या, मान दुखते.