जेटच्या झोतावर पाण्यालगत उडणारं मॉडेल: वेग घेताच मागे उलटतं

गोदाकाठ:
मंडळी, नाशिकच्या गंगापूर धरणावर चालवायला ग्राउंड इफेक्ट मॉडेल (पाण्याच्या अगदी लगत, पंखाखाली दबलेल्या हवेच्या आधाराने उडणारं) केलंय. स्पॅन (पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी) १२० सेंमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) ५०, वजन २.८ किलो. नाकाशी ७० मिमीचे दोन ईडीएफ (नळीत बसवलेले विजेचे पंखे), झोत पंखाखाली. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पट्टी) ३० अंश, सीजी (गुरुत्वमध्य) पंखाच्या पुढच्या कडेपासून २१ सेंमी, शेपूट क्षेत्रफळाने पंखाच्या १५ टक्के. जागेवर झकास उचलतं, पण वेग घेतला की नाक वर जाऊन उलटतं. सीजी किती पुढे घेऊ?

ओझरकर:
नुसत्या सीजीने भागणार नाही, शेपूट फारच लहान आहे. झोत फ्लॅपपाशी कोंडतो तेव्हा पंखाखाली दाब जवळपास सगळीकडे सारखा, म्हणून उचल कॉर्डच्या मध्यावर, २५ सेंमीच्या आसपास. पाणी सुटलं की ती पाव कॉर्डकडे, १२-१३ सेंमीवर सरकते. वजन मागे राहतं, नाक उठतं, नाक उठलं की उंची अजून वाढते.

उंची बदलल्याने वाढणाऱ्या उचलीचं केंद्र हे कोन बदलल्याने वाढणाऱ्या उचलीच्या केंद्रापुढे हवं. हे दुसरं केंद्र मागे ढकलायचं काम शेपटीचं. ती टी आकारात (आडवी शेपूट उभ्या शेपटीच्या माथ्यावर), पाण्याच्या परिणामाबाहेर उंच ठेवा, ३५ ते ४० टक्के क्षेत्रफळाची. सोव्हिएत अभियंता अलेक्सेयेव्हच्या १९६६ च्या केएम या अवाढव्य ग्राउंड इफेक्ट यानाची शेपूट एवढी मोठी आणि उंच होती ती यासाठीच.

सीजी १७ वर आणा. मग जागेवर नाक दबेल. त्यासाठी झोत ८-१० अंश खाली वळेल असे ईडीएफ बसवा, सर्वोवर (रिमोटने कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरवर) असतील तर वेग आल्यावर सरळ करा. फ्लॅप मात्र २-३ सेकंद घेऊन १० अंशांवर आणा. झटकन मिटले तर पंखाखालची हवेची उशी फुटते आणि मॉडेल पाण्यावर आपटतं.

पाणवारा:
पंखाचा तळ सपाट आहे ना? फुगीर असेल तर पाण्यालगत हवेची वाट मध्येच अरुंद होते, तिथला दाब पडतो आणि पंख खाली ओढला जातो. एंडप्लेटची (पंखाच्या टोकाला लावलेल्या उभ्या पट्टीची) खालची कड फ्लॅपच्या टोकाच्या बरोबरीने ठेवा, नाहीतर उशी बाजूने गळते.

गोदाकाठ:
तळ सपाटच आहे. उडवायची उंची किती धरू?

ओझरकर:
स्पॅनच्या ५ टक्के, म्हणजे ६ सेंमी. तिथे इंड्यूस्ड ड्रॅग (उचलीबरोबर येणारा हवेचा अडथळा) साधारण ६० टक्के घटतो, १२ सेंमीवर त्याहून कमी. नाशिक ६०० मीटर उंचीवर, त्यात ३० अंश तापमान, म्हणजे हवा प्रमाणित हवेपेक्षा ११-१२ टक्के विरळ. थ्रस्टचा (ईडीएफच्या ढकलण्याच्या जोराचा) हिशोब त्यावर करा. उचलीचा गुणांक (पंख किती उचल देतो याचा आकडा) ०.५ धरला तर वेग सेकंदाला १३ मीटर लागेल. लाटा ३ सेंमीच्या वर असतील तर पाण्यात उतरवूच नका.