मदत हवी आहे: आईबाबांसाठी इटालियन सेट मेन्यू, कोथरूड-औंध-बाणेर साईडला

नमस्कार मंडळी, आईबाबांच्या लग्नाचा ४०वा वाढदिवस आहे जानेवारीत, आणि आईला कधीपासून नीट बसून इटालियन जेवायचंय. डिसेंबर-जानेवारीत बऱ्याच ठिकाणी सीझनचा सेट मेन्यू असतो ना, स्टार्टर, पास्ता किंवा रिझोतो आणि शेवटी डेझर्ट, सगळं एका ठरलेल्या किमतीत, तसा कुणी हल्ली खाल्लाय का? लिटल इटली माहितीये, पूर्ण व्हेज आहे, पण या वेळी घराजवळचं छोटं, शांत ठिकाण हवंय, बाबांना गोंगाटात ऐकू येत नाही.

मुख्य अडचण चीजची. आई कट्टर शाकाहारी आणि अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करून चीज बनवणारा पदार्थ) असतं, त्यामुळे व्हेज रेनेटचं चीज वापरतात का हे विचारल्यावर नीट सांगणारं किचन पाहिजे. मागे एका ठिकाणी वेटर नुसतं "व्हेजच आहे मॅडम" म्हणत राहिला, आईने ताट तसंच बाजूला सरकवलं, फार वाईट वाटलं.

अजून एक, सांगितलेल्या किमतीवर ५% जीएसटी धरलाय, पण सर्व्हिस चार्ज पण लावतात का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या गाईडलाईन्सप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, पण त्या दिवशी आईबाबांसमोर वाद नकोय. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं डेझर्ट असेल तर आई खूष होईल. प्लीज, स्वतः जेवलेलंच ठिकाण सुचवा.