नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, बिलाकडे बघून सोलरचा आकडा ठरवू नका, असं माझं मत. पटतंय का?

नागपुरी_गच्ची
महिनाभरात ओळखीतल्या चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. मे महिन्याचं बिल पाचशे युनिटच्या वर गेलं, किती किलोवॅटचं सोलर टाकू? व्हेंडर सगळ्यांना सरसकट ५ किलोवॅट सांगतोय. माझं म्हणणं असं की आधी घर थंड करा, मग उरलेल्या युनिटांपुरतंच सोलर टाका.

माझंच सांगतो. तळमजला आणि वर एक मजला, डिसेंबरात १४० युनिट आणि मेमध्ये ५२०. आधी गच्चीला चुना मारला, फेविकॉल घालून दोन हात, मजुरीसकट पाच हजारात काम झालं. मग सहाही पंखे बदलले. जुना पंखा ७५ वॅटचा आणि नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास, उन्हाळ्यात आमच्याकडे पंखा चौदा तास फिरतो म्हणजे रोजचे पावणेचार युनिट नुसत्या पंख्यात वाचले, महिन्याचे शंभराच्या वर. हॉलमध्ये परत कूलर लावला आणि एसी फक्त रात्री, तोही २६ वर. पुढच्या मेमध्ये ३४० युनिट आले. मग मी २ किलोवॅट बसवलं आणि ते मला पुरतंय.

आता जो मुद्दा व्हेंडर सांगत नाहीत तो. नेट मीटरिंगमध्ये (आपण लाईनला दिलेले युनिट घेतलेल्यातून वजा होतात) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात हे खरं, पण आपल्या महाराष्ट्रात हिशोब ३१ मार्चला बंद होतो आणि उरलेल्या युनिटांना जो दर मिळतो तो आपण भरतो त्या दराच्या जवळपासही नसतो. आपलं ऊन कधी तापतं? एप्रिलपासून. म्हणजे दिवाळीपासून भरलेली कणगी ऐन गरजेच्या तोंडावर मातीमोल भावात रिकामी करायची आणि १ एप्रिलला शून्यापासून सुरुवात. सिस्टीम जेवढी मोठी तेवढं हे नुकसान मोठं. त्यात केंद्राच्या सूर्यघर योजनेचं अनुदान १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० आणि ३ ला ७८ हजार, त्याच्यापुढे कितीही टाका ७८ च. चौथा आणि पाचवा किलोवॅट पूर्ण आपल्या खिशातून.

वऱ्हाडकर
५ किलोवॅट सगळ्यांनाच नको हे मान्य, पण दोनवर थांबा हे अजिबात मान्य नाही. भाऊ, पॅनल पंचवीस वर्षांसाठी घेतो आपण, पुढच्या दोन उन्हाळ्यांसाठी नाही. आज घरात एक एसी आहे, पोराचं लग्न झालं की दुसरा येईल, इलेक्ट्रिक गाडी येईल, सिलेंडर परवडत नाही म्हणून इंडक्शन येईल. तेव्हा वाढवायला गेलात तर इन्व्हर्टर बदला, स्ट्रक्चर वाढवा, परत अर्ज करा, परत मीटरवाल्यांची वाट बघा. मी दोन वर्षांपूर्वी २ टाकलं आणि आता हेच भोगतोय. सरळ ३ टाका, पूर्ण अनुदान घ्या आणि मोकळे व्हा.

आणि कूलरचं कौतुक करताना पाण्याचं कोण बोलणार? मोठा डेझर्ट कूलर दिवसरात्र चालवला तर शंभर लिटर पाणी सहज पितो. आमच्या भागात मेमध्ये नळ आठवड्यातून एकदा येतो. ड्रममधलं पाणी प्यायला ठेवू की कूलरमध्ये ओतू? वीज वाचवायची म्हणून टँकरला पैसे द्यायचे, हे गणित मला तरी बसत नाही.

चुन्याबद्दल पण एक सांगतो. पॅनल लागले की त्यांच्याखाली सावली पडते, खालची खोली आपोआप थंड होते. माझ्या वरच्या बेडरूममधला फरक रात्री हात लावून कळतो, जिथे पॅनल आहेत तिथलं सिलिंग आणि जिथे नाहीत तिथलं, दोन वेगळी घरं वाटतात.

जळगावची_सून
तुमचे हिशोब बरोबर असतील पण एसी २६ वर ठेवा, दुपारी लावू नका हे वाचून मला राहवत नाही म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. आमचं घर वरच्या मजल्यावर, मेमध्ये रात्री अकराला पण भिंत तव्यासारखी लागते, गादी उचलून बघा तर खालून गरम. दोन वर्षं त्या दुपारी ओला पंचा अंगावर टाकून पडून राहायच्या, एसी लाव म्हटलं की "मीटर पळतं गं" म्हणून स्वतः उठून बंद करायच्या. एकदा चक्कर येऊन मोरीत पडल्या, तेव्हा आम्ही ३ किलोवॅट घेतलं, कर्ज काढून. आता दुपारी एक ते पाच त्यांच्या खोलीत एसी चालू असतो आणि त्या बंद करत नाहीत, कारण त्यांना सांगितलंय की आई, ही वीज गच्चीवर आत्ता तयार होतेय.

३१ मार्चला माझे शे-दोनशे युनिट कमी भावात गेले तर जाऊ देत. मला त्याचं काही वाटत नाही.

लाईनमधला_माणूस
वायरिंग आणि सोलर फिटिंगचं काम करतो, दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगतो.

पॅनलवर लिहिलेले वॅट हे पॅनलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. आपल्याकडे बाहेर ४५ असेल तर काच ६५ ला सहज जाते. दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे भर दुपारी बारा-पंधरा टक्के गेले. त्यामुळे लोक म्हणतात एवढं ऊन आहे तर एवढंच का येतंय. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळला पाहिजे.

दुसरं धूळ. एप्रिलमध्ये पंधरा दिवस पॅनल पुसलं नाही तर बोट फिरवल्यावर पाटीवर रेघ ओढल्यासारखी दिसते. धुवायचं ते सकाळी सहाला, काच थंड असताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाण्याचा पाइप मारू नका, तडा जातो.

आणि सगळ्यात जास्त भांडण ज्यावरून होतं ते. लाईन गेली की साधं ऑनग्रीड (बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं) सोलर पण बंद होतं, डोक्यावर कितीही ऊन असो. खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या घरातून उलटा करंट जाऊ नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं, तो बिघाड नाही. ताई, तुमच्या सासूबाईंसाठी हे आधी विचारात घ्या. लाईन गेल्यावरही पंखा-कूलर हवा असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि बॅटरीला अनुदान नाही.

ठाणे_पश्चिम
कूलर, चुना हे सगळं कोरड्या हवेचं बोलताय तुम्ही. इकडे मेमध्ये कूलर लावला तर भिंतीला ओल येते आणि अंगाचा चिकटपणा वाढतो, एसीशिवाय पर्याय नाही. गच्ची बावीस मजल्यांवर आणि ती सगळ्यांची, माझ्या वाट्याला किती येणार? सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यासाठी किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे, ते आम्ही घेतलं आणि मेंटेनन्स थोडा कमी झाला. पण फ्लॅटमधलं माझं बिल आहे तिथेच आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेली एक कोटी घरांची ही सूर्यघर योजना स्वतःचं छत असणाऱ्यांची आहे, भाडेकरूला आणि टॉवरवाल्याला त्यात फार काही नाही हे पण कोणीतरी म्हणायला हवं.

नागपुरी_गच्ची
@जळगावची_सून ताई, तुमचं वाचून थांबलो. म्हाताऱ्या माणसाला घामात ठेवून युनिट वाचवा असं मला कधीच म्हणायचं नव्हतं, पण माझ्या लिहिण्यातून तसं निघत होतं, ते चुकलंच. दुपारी लागणारी वीज दुपारीच तयार होते, तिथे सोलरइतकं चोख काही नाही. फक्त एक विनंती, पॅनलखाली न आलेल्या स्लॅबला चुना माराच. लाईन गेली की तुमचा एसी आणि सोलर दोन्ही बंद पडणार, त्या दोन तासांत आईंना पांढरं छतच वाचवणार आहे.

@वऱ्हाडकर, पाण्याचा मुद्दा बरोबर. आणि मृग लागला, हवेत ओल आली की कूलर तसाही निकामी होतो. पण तीनच टाका याला मी अजूनही ठामपणे नाहीच म्हणतो. ज्याचं हिवाळ्यातलं बिल १०० युनिटच्या आत आहे त्याने ३ टाकलं तर महिन्याला साडेतीनशे युनिट तयार होणार आणि अडीचशे शिलकीत जाणार, सलग पाच महिने. हप्ता मात्र पूर्ण भरायचा. भविष्यातल्या एसीसाठी आज कर्ज का?

आणि रात्रीचं पण बघा. आपण दिवसा युनिट देतो आणि रात्री एसीसाठी परत घेतो, ती रात्रीची वीज आपल्या इथे बहुतेक कोराडी-चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रांतल्या कोळशाची आहे. बिल शून्य आलं म्हणून कोळसा शून्य झाला असं नाही. न वापरलेला युनिट रात्री पण वाचतो, म्हणून मी पंख्यापासून सुरुवात करा म्हणतो.

वऱ्हाडकर
हप्त्याचं म्हणता तर माझा हप्ता जुन्या बिलापेक्षा कमी आहे. कोळशाचं पटलं. पण लोकांना पंखे बदला म्हटलं तर कोणी बदलत नाही हो, तीन हजाराचा एक पंखा म्हटला की सहाचे अठरा हजार लागतात आणि त्याला ना अनुदान ना सोपं कर्ज. सोलरला दोन्ही आहे. सरकारने पंख्याला दिलं असतं तर मी पण आधी पंखेच बदलले असते.

जळगावची_सून
@लाईनमधला_माणूस दादा, लाईन गेल्यावर बंद होतं हे आम्हाला बसवताना कोणीच सांगितलं नव्हतं, मागच्या वादळात कळलं. फक्त एक पंखा आणि छोटा कूलर चार तास चालेल एवढंच हवंय, घरातल्या जुन्या इन्व्हर्टर-बॅटरीवर भागेल का? १५० एएचची (अँपिअर-अवर) आहे, तीन वर्षं जुनी.

लाईनमधला_माणूस
ताई, भागेल. सोलरला हात लावू नका, जुना इन्व्हर्टर वेगळाच राहू द्या आणि आईंच्या खोलीचं एक सर्किट त्याच्यावर घ्या. बीएलडीसी पंखा ३० आणि छोटा कूलर १२० धरला तर १५० वॅट, बॅटरी ठीक असेल तर चार तास निघतील. आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, उन्हाळ्यात फार लवकर आटतं. एसी मात्र त्याच्यावर चुकूनही जोडू नका.

जळगावची_सून
पाणी बघितलं, दोन खान्यांत पार खाली गेलंय. आणि चुना आणायला सांगितलाय, रात्री भिजत घालते.