मदत हवी आहे: पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना कावीळ, शनिवारी पालकसभा

खडूफळा:
जि.प.ची दोन शिक्षकी शाळा आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी कावीळ होऊन दवाखान्यात आहेत. वाडीत बातमी पसरली आणि आता पालक मुलांना पाठवायला तयार नाहीत. जे पाठवतात ते घरचा डबा देऊन, "शाळेतलं काही खायचं नाही" असं बजावून. शनिवारी सकाळी पालकसभा लावली आहे. सभेत काय सांगू? शाळा चार दिवस बंद ठेवता येते का? मुलांना काही लस किंवा औषध द्यावं का? कृपया लवकर सांगा, उद्या नोटीस काढायची आहे.

अनुजा_ठाणे:
पाणी! पावसाळ्यातली कावीळ म्हणजे पाणीच असतं. आमच्या सोसायटीत टाकीत गटाराचं पाणी शिरलं तेव्हा एका विंगमधली बरीच मुलं आजारी पडली होती. पाणी उकळून प्या, शाळेत चांगला फिल्टर बसवा. हेपटायटिस ए ची लस मिळते, बालरोगतज्ज्ञांना विचारा. आम्ही दोन्ही मुलांना दिली आहे.

पाणंद:
मी आरोग्य सेवक म्हणून निवृत्त झालो आहे. मॅडम/सर, जिल्हा कोणता? शाळेचं पाणी विहिरीचं की नळाचं? मावशींना आधी ताप होता का? रक्ताचा रिपोर्ट काय आला? वाडीत आणखी कुणाचे डोळे पिवळे झालेत का? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं बरोबर नाही. कावीळ हे लक्षण आहे. ती दहा कारणांनी होते, आणि प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा.

दादूस_५१:
कावीळीवर दवाखान्यात औषध नाही हे डॉक्टरसुद्धा मान्य करतात. आमच्या गावात एक आजोबा पाला वाटून देतात, तीन दिवसांत उतरते. सलाईन-इंजेक्शन अजिबात घेऊ नका, कावीळ अंगात मुरते. पत्ता हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

पाणंद:
दादूस, तुमच्या आजोबांचा मान राखून सांगतो, हे इथे लिहू नका. साधी हेपटायटिस ए ची कावीळ आपली आपण उतरते, म्हणून पाल्याला यश मिळतं. पण कावीळ दुसऱ्या कारणाची असेल तर त्या तीन दिवसांत माणसाची किडनी बंद पडू शकते. अशी माणसं मी उशिरा दवाखान्यात आलेली बघितली आहेत. त्यातली सगळी परत घरी गेली नाहीत.

दादूस_५१:
पिढ्यान्‌पिढ्या लोक बरे झालेत ते काय खोटं?

खडूफळा:
वाद नको, माझा प्रश्न राहूनच जातोय. सिंधुदुर्ग जिल्हा. शाळेच्या आवारात विहीर आहे, ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते. एकही मूल आजारी नाही. मावशी मोठ्या दवाखान्यात दाखल आहेत. शाळा बंद ठेवावी का, एवढंच सांगा.

घाटावरचे_मास्तर:
सर, शाळा परस्पर बंद ठेवता येणार नाही. केंद्रप्रमुखांना लेखी कळवा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून निर्णय येऊ दे. त्याची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रालाही द्या. सध्या आहार कोण शिजवतंय? शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून बदली स्वयंपाकी घेता येते. आणि मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते, ती नोंद रोजची ठेवा. उद्या कुणी बोट दाखवलं तर तीच कामाला येते.

पाणंद:
माझ्या काही प्रश्नांची उत्तरं अजून नाहीत. आधी ताप होता का? आणि आता आणखी एक विचारतो, मावशी गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात उतरल्या होत्या का?

तरवा:
सिंधुदुर्ग आणि जुलै महिना म्हटल्यावर माका तर एकच संशय येता. गो बाय, की सर असाल, मावशीच्या पोटऱ्या दुखत होत्या का ता इचारा.

खडूफळा:
मी शिक्षिका आहे. मावशींच्या मुलाशी आत्ता फोनवर बोलले. हो, लावणी चालू होती, सकाळी शाळेत स्वयंपाक आणि दुपारनंतर मळ्यात. चिखलणीच्या वेळी पायाला काहीतरी लागलं होतं. आधी जोराचा ताप, अंगदुखी, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की चालवत नव्हतं. डोळे आधी लाल, मग पिवळे. सुरुवातीला गावठी औषध घेतलं. दवाखान्यात नेलं तेव्हा लघवी कमी झाली होती. डिस्चार्ज अजून नाही पण केसपेपरवर "लेप्टो" लिहिलंय असं मुलगा म्हणतो. आता सुधारणा आहे. पण लेप्टो म्हणजे मुलांना लागण होणार का?

पाणंद:
आता नीट सांगता येईल.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गाईगुरं, कुत्री यांच्या लघवीतून ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतात. पायाला चीर, भेग, जखम असेल तर तिथून शिरतात, किंवा डोळ्या-नाका-तोंडाच्या ओल्या त्वचेतून. माणसापासून माणसाला होण्याचं प्रमाण नगण्य आहे. मावशींनी शिजवलेल्या भातातून मुलांना लेप्टो होत नाही. म्हणून शाळा बंद ठेवायचं कारण नाही आणि लसीचंही नाही.

अनुजाताईंचं म्हणणं हेपटायटिस ए ला शंभर टक्के लागू आहे. ती कावीळ असती तर स्वयंपाक करणाऱ्याच्या हातून ती पसरू शकते. वाईट म्हणजे डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या आठवडा-दोन आठवड्यांत ती जास्त पसरते आणि मुलांत दिसायला दोन ते सात आठवडे जातात. म्हणून पालक घाबरले ते अगदीच चुकीचं नाही. फक्त इथे आजार तो नाही. तरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून निदान लेखी घ्या आणि तेच सभेत वाचा. तुमच्या-माझ्या शब्दापेक्षा त्या कागदाला वजन आहे.

मॅडम, आता खरा धोका बघा. तुमच्या सभेला येणारे आईबाप त्याच चिखलात आहेत. मुलाला डबा देऊन शाळेत पाठवतात आणि स्वतः भेगाळल्या पायांनी मळ्यात उतरतात. जंतू शिरल्यापासून ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात, कधी महिनाही. म्हणजे आज लागण झालेला पालक पुढच्या आठवड्यात "पावसात भिजल्याचा ताप" म्हणून अंगावर काढेल. सभा त्यांच्यासाठी घ्या.

मुंबईकर_कांदिवली:
२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता. पाणी उतरल्यावर काही दिवसांनी मुंबईत लेप्टोची साथ आली, आमच्या इमारतीतही एक रुग्ण होता. तेव्हापासून मी गमबूट आणि रबरी हातमोजे वापरतो. सर्व पालकांना गमबूट सक्तीचे करा, शाळेने देणगीतून द्यावेत.

तरवा:
कांदिवलीकर, भाताच्या मळ्यात गमबूट घालून एकदा उभे राहून बघा. पाय वर घेतला की बूट चिखलातच राहतो. शिवाय वाकून लावणी करायची, दिवसभर. बूट गोठा साफ करायला, उंदीर असलेल्या कोठीत शिरायला ठीक आहेत, तिथे जरूर घाला. पण लावणीला घाला म्हणून सभेत सांगितलंत तर बायका मनाने तिथेच सभा सोडून जातील, पुढचं काही ऐकणार नाहीत.

आणि मॅडम, शनिवारी सकाळी सभा? पाऊस लागलेला असताना सकाळी कोण येणार? दिवेलागणीनंतर घ्या. देवळात घ्या, शाळेत नको. मग पुरुषही येतील.

मुंबईकर_कांदिवली:
मी चांगल्या हेतूने सांगत होतो. मग उपाय काय? काहीच नाही का?

पाणंद:
तरवाताईंचं खरं आहे. मळ्यात जे होण्यासारखं आहे ते असं. भेगा-जखमांवर पाणी न शिरणारी चिकटपट्टी लावून उतरायचं. पाय चिरला असेल त्याने तेवढे दिवस दुसरं काम घ्यायचं, बांधावरचं, घरातलं. काम संपल्यावर व्हाळात (ओढ्यात) नुसते पाय न धुता घरी साबणाने धुवायचे आणि पुसून कोरडे करायचे.

दुसरं म्हणजे डॉक्सीसायक्लिन. जोखमीच्या गावांत लावणीच्या हंगामात शेतात उतरणाऱ्या मोठ्या माणसांना आठवड्यातून एकदा ही गोळी आरोग्य खात्याकडून दिली जाते. आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा, तुमच्या वाडीचं नाव यादीत आहे का. नसेल तर आता एक रुग्ण सापडलाय, वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून घालून घ्या.

डोंगरदरी:
अँटिबायोटिक असं गावभर वाटणं मला पटत नाही. जंतू सरावतात, पोट बिघडतं. कुणाला हवं तर तपासून द्यावं.

पाणंद:
तुमची काळजी रास्त आहे. म्हणूनच ती वर्षभर आणि सगळ्यांना द्यायची नसते. हंगामापुरती, चिखलात उतरणाऱ्यांना, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पण लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर दोन बसेस बदलून दवाखान्यात पोचेपर्यंत काय होतं ते वर मावशींच्या बाबतीत वाचलंत.

रानवाटा_नागपूर:
तापाबरोबर अंगावर काळी खपली दिसते का तेही बघा हो. आमच्याकडे २०१८ मध्ये स्क्रब टायफसने मोठा धुमाकूळ घातला होता. गवतातल्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो. काखेत, जांघेत, कमरेला विडीचा चटका बसल्यासारखा डाग असतो. शाळेभोवतालचं गवत कापून घ्या.

अनुजा_ठाणे:
आणि डेंग्यू विसरू नका! टायर, कुंड्या, पत्र्याच्या पन्हळी. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करायची, आणि घासायची, कारण अंडी कोरड्या भांड्याच्या काठावर कित्येक महिने टिकतात.

गोव्याचा_माणूस:
आमच्या सत्तरीत माकडतापाने (जंगलातल्या गोचिडीच्या चाव्यातून होणारा ताप) माणसं गेली. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, खात्याला कळवा. तुमच्या जिल्ह्यातलं दोडामार्ग जवळच आहे म्हणून सांगतो.

खडूफळा:
सगळ्यांचे आभार, पण माकडताप काजूच्या दिवसांतला, आत्ता सभेत तो विषय काढला तर लोकांच्या डोक्यात सगळं कालवेल. गवत आणि डेंग्यूचं मुलांकडून शाळेत करून घेते.

एक विचारायचं राहिलं. आमच्या आहाराच्या खोलीत तांदळाची पोती जमिनीवर आहेत आणि उंदीर आहेत. मी आणि सर दोघंही व्हाळ ओलांडून शाळेत येतो, माझ्या टाचांना भेगा आहेत. म्हणजे आम्हालाही?

पाणंद:
हो, तुम्हालाही. हे विचारलंत ते फार बरं झालं. शिक्षक मुलांचं बघतात, स्वतःचं कुणी बघत नाही. व्हाळाला पाणी असताना तुम्हा दोघांना गमबूट उपयोगी आहेत, तिथे चिखलात रुतायचा प्रश्न नाही. गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

पोती फळीवर किंवा विटांवर घ्या, भिंतीपासून हातभर लांब. उघडं पोतं पत्र्याच्या डब्यात रिकामं करा. दाराखालची फट पत्र्याने बंद करा. खोली कोरडी झाडू नका, आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी टाका, थोडा वेळ थांबा, मग पुसा, हातमोजे घालून. लेप्टोचे जंतू ऊन, कोरडेपणा आणि क्लोरीन यांपुढे टिकत नाहीत. तांदूळ तीन पाण्यांतून धुऊन घ्या. शिजल्यावर त्यात काही उरत नाही.

खडूफळा:
सभा शनिवारी संध्याकाळी सातला देवळात. केंद्रप्रमुखांना कळवलं, वैद्यकीय अधिकारी आरोग्य सेविकेला पाठवतो म्हणाले. नोटिशीचा मजकूर असा केलाय, बघा:

"मावशींचा आजार लेप्टो आहे, तो जेवणातून पसरत नाही. शाळा आणि आहार सुरू राहील. शेतात उतरणाऱ्या सर्वांनी, घरातल्या मुलांसह, आठवड्याची गोळी घ्यावी. ताप, अंगदुखी, डोळे लाल झाल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जावे."

पाणंद:
"मुलांसह" काढा, आजच्या आज. ८ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ही गोळी द्यायची नाही. अंगावर पाजणाऱ्या आयांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. तसंच "आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने" हे शब्द घाला. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, दुधाबरोबर नाही, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेत जळजळ होते.

लक्षणांत "पोटऱ्या दुखणे" आणि "लघवी कमी होणे" घाला. आणि एक वाक्य मोठ्या अक्षरात: दवाखान्यात गेल्यावर "मी चिखलात काम करतो" हे स्वतःहून सांगा. पहिल्या काही दिवसांत रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, डॉक्टर तुमच्या सांगण्यावरून औषध सुरू करतात.

तरवा:
"दवाखान्यात जावे" असं लिहून कोण जात नाही. आरोग्य केंद्रात बाह्यरुग्ण विभाग किती वाजता असतो, आणि रात्री अडलं तर १०८, हे लिहा. आणि गावठी औषध घेऊ नका असं नोटिशीत नको, भांडण होईल. "आधी रक्त तपासा, मग काय घ्यायचं ते घ्या" असं म्हणा. ते ऐकतात.

दादूस_५१:
एवढं मला मान्य आहे. रक्त आधी तपासावं.

खडूफळा:
दुरुस्ती केली. शेवटचा प्रश्न, मावशी घरी आल्या की पुन्हा स्वयंपाकाला येऊ शकतील ना? त्यांच्या मुलाने विचारलंय, काम जाईल अशी भीती आहे.

घाटावरचे_मास्तर:
बदली स्वयंपाकीचा ठराव "तात्पुरती" असाच लिहा, मावशी रुजू होईपर्यंत. हा शब्द लिहायचा राहून गेला की पुढे अडचण होते. मानधनाबद्दल पंचायत समितीच्या पोषण आहार अधीक्षकांना आत्ताच लेखी विचारा, महिनाअखेरीची वाट बघू नका.

पाणंद:
येऊ शकतात. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली की जेवणाला काही धोका नाही. काही आठवडे लघवीतून जंतू जाऊ शकतात, म्हणून शौचालयाचा वापर आणि साबणाने हात धुणं, जे एरवीही करायचंच आहे. अशक्तपणा मात्र राहील. मोठं पातेलं उचलायला आणि विहिरीचं पाणी काढायला महिनाभर दुसरं माणूस द्या, आणि या हंगामात त्यांना मळ्यात उतरू देऊ नका म्हणून मुलाला तुम्हीच सांगा. तो तुमचं ऐकेल.