तणमोरासाठी पडीत राखायची आहे, झाडं लावावी का?

माळरान_नागपूर: काटोल रोडला आमची 12 एकर गवती पडीत आहे, लागूनच सोयाबीन. तणमोर या गवतात राहणाऱ्या दुर्मिळ पक्ष्यासाठी ती राखायचं ठरलंय. कडुलिंब-करंजाची रोपं फुकट मिळताहेत. लावू का? गवत कधी कापायचं?

गवतकाडी: रोपं परत करा. तणमोराला उघडं रान लागतं. झाड आलं की कावळ्या-शिकऱ्यांना टेहळणीची जागा मिळते. काळाभोर नर, डोक्यामागे चमच्याच्या टोकाची लांब पिसं, गवतातून दीड-दोन मीटर उसळतो आणि पंखांनी टरटर वाजवतो. मादीला तो दिसायलाच हवा.
अंडी 3-4, गवताच्या आडोशाला नुसत्या जमिनीवर. मादी एकटीच साधारण 3 आठवडे उबवते. म्हणून पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत विळा नाही, गुरं नाहीत. कापणी दिवाळीनंतर, तीही सगळी नको. दरवर्षी एक तृतीयांश पट्टा उभा राहू द्या. मग गुरं आत सोडा. बारमाही बंदी केली तर गवत दाटून आडवं पडतं, पक्ष्याला चालायलाही वाट उरत नाही. आणि चर खोदू देऊ नका.

धुऱ्यावरून: खरा धोका सोयाबीनमध्ये आहे, मादी तिथेही अंडी घालते. डवरणी (पिकाच्या ओळींमधली बैलाची कोळपणी) करताना पायाजवळून पक्षी उडाला तर बैल तिथेच थांबवा आणि तेवढा तुकडा तणासकट सोडा. निंदून मोकळा केला की कावळ्याला अंडी दिसतात. तिथे काठी रोवू नका, खूण धुऱ्यावर (बांधावर) करा. पिल्लं नाकतोडे-भुंगेऱ्यांवर वाढतात, तेव्हा गवताकडची 5-6 तासं (ओळी) फवारू नका. कुत्री बांधा. वनविभागाला 1926 वर कळवा. घरट्याचा फोटो किंवा लोकेशन व्हॉट्सॲपवर मुळीच नको, गर्दीने मादी घरटं सोडते.

गवतकाडी: घाणेरी (टणटणी) असेल तर नुसती छाटू नका, दुप्पट फुटते. हिवाळ्यात जमिनीखाली 3-5 सेंटिमीटरवर, खोडाच्या गड्ड्याच्या खालून मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा. रिकाम्या जागी पावसाळ्याच्या तोंडावर पवन्या, मारवेल या गवतांचे ठोंब लावा.

माळरान_नागपूर: रोपं परत करतो. पण पक्षी येईल ना?

धुऱ्यावरून: विदर्भात तणमोराची खात्रीची ठिकाणं अकोला-वाशीमकडे आहेत, तिथे फासेपारध्यांना नराचा आवाज ओळखता येतो. तुमच्याकडे येईलच असं सांगता येत नाही. चंडोल आणि लावे मात्र राहतील, आणि तणमोर उतरलाच तर त्याला जागा तयार असेल.